कर्नल सी. के. नायडू : मैदान न सोडणारा माणूस

हैदराबादेत तीन-चार पिढ्या काढलेल्या आपल्यासारख्या मराठी घरांना एक प्रश्न नेहमी विचारला जातो. मूळचे कुठले तुम्ही? पुण्याकडचा पाहुणा विचारतो आणि इथला शेजारीही विचारतो. घरात मराठी, बाजारात दखनी, कचेरीत तेलुगू आणि इंग्रजी अशी आपली रोजची कसरत. गणपतीच्या दहा दिवसांत मात्र आपण कुठले हे कोणाला सांगावे लागत नाही.

या प्रश्नाची उलटी बाजू जगलेल्या एका माणसाची गोष्ट यंदाच्या स्मरणिकेसाठी निवडली आहे. आपण तेलुगू मुलुखात येऊन राहिलेले मराठी लोक. ते मराठी मुलुखात जन्मलेले आणि वाढलेले तेलुगू गृहस्थ. पुढे मराठ्यांच्याच एका संस्थानाच्या पलटणीत ते अधिकारी झाले, कर्नल म्हणून ओळखले गेले आणि अडुसष्टाव्या वर्षापर्यंत मैदानावर उभे राहिले. कोट्टारी कनकैया नायडू हे त्यांचे पूर्ण नाव. देशाने त्यांना सी. के. म्हणून ओळखले.

आपल्या मंडळातल्या ज्येष्ठांना हे नाव सांगण्याची गरज नाही. पण नातवंडांना विचारून पाहावे. सी. के. नायडू करंडक त्यांना माहीत असतो. ज्यांच्या नावाचा तो करंडक, ते कोण होते हे बहुधा माहीत नसते.

सी. के. यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपुरात झाला. घराणे मूळचे मच्छलीपट्टणकडचे असे सांगतात. आजोबा वकिलीच्या निमित्ताने नागपुरात स्थिरावले आणि तिथे त्यांनी मोठे नाव कमावले. वडील सूर्यप्रकाश राव हेही वकील. ते विलायतेत केंब्रिजला शिकले आणि रणजितसिंहांशी त्यांची तिथे ओळख होती, अशी हकीकत घराण्यासंबंधी सांगितली जाते. ते काही असो, घरात क्रिकेट होते आणि खेळण्याला आडकाठी नव्हती. त्या काळच्या वकिलाच्या घरात ही गोष्ट लहान नव्हे.

शिक्षण हिस्लॉपच्या शाळेत झाले. घरात तेलुगू, रस्त्यावर मराठी आणि हिंदी, वर्गात इंग्रजी. आपल्या मुलांची विवेकवर्धिनीच्या आसपास जी तऱ्हा होती, तीच त्यांची नागपुरात. उंची सहा फूट, पाठ ताठ, चाल संथ. खेळाडू म्हणून नाव होण्याआधीपासून त्यांचे चालणे लोकांच्या लक्षात राहत असे.

मुंबईची चौरंगी स्पर्धा म्हणजे त्या काळचे सर्वात मोठे क्रिकेट. युरोपियन, पारशी, हिंदू आणि मुसलमान असे धर्मावर उभारलेले चार संघ. आज ही विभागणी ऐकून अवघडल्यासारखे होते, पण गर्दी मात्र तुफान व्हायची. १९१६ साली हिंदू संघाकडून नायडू पहिल्यांदा युरोपियनांविरुद्ध खेळले. संघाची अवस्था वाईट होती. नवखा खेळाडू अशा वेळी जपून एखादी धाव काढतो. नायडूंनी धावांचे खाते षटकाराने उघडले. तेव्हा त्यांचे वय वीस-एकवीस.

त्यांच्या आयुष्याला खरे वळण मिळाले ते १९२३ साली. इंदूरचे तुकोजीराव होळकर यांनी त्यांना आपल्याकडे बोलावून घेतले आणि होळकरांच्या फौजेत कॅप्टनचा हुद्दा दिला.

इथे थोडे थांबून सांगायला हवे, कारण हा हुद्दा नुसता शोभेचा होता असा समज होतो. त्या काळी खेळून पोट भरत नसे. ज्याच्या घरी जमीनजुमला किंवा गादी आहे, तो हौस म्हणून खेळे. बाकीच्यांना कोणाच्या तरी पदरी राहावे लागे. निरनिराळ्या संस्थानिकांनी गुणी खेळाडू आपापल्या दरबारात, पोलिसात किंवा फौजेत ठेवले. आपल्या हैदराबादेतही नवाब मोईनुद्दौला यांनी १९३० च्या सुमारास सोन्याचा चषक ठेवून स्पर्धा सुरू केली आणि पहिल्याच वर्षी जॅक हॉब्ज आणि हर्बर्ट सटक्लिफ यांच्यासारखे इंग्रज फलंदाज इथे खेळून गेले. तो सगळा काळच अशा आश्रयाचा होता.

आश्रयाला राहणाऱ्या माणसाला धन्याची मर्जी सांभाळावी लागते. नायडूंनी काय केले, तर मर्जी सांभाळण्याऐवजी हुद्दा सांभाळला. ते लढाईवर गेले नव्हते. संस्थानी फौजेतल्या अनेक अधिकाऱ्यांच्या वाट्याला प्रत्यक्ष रणांगण आले नाही. पण फौजेची शिस्त त्यांनी अंगात भिनवून घेतली आणि ती सगळीच्या सगळी क्रिकेटमध्ये आणली. वेळ म्हणजे वेळ. कपडे म्हणजे इस्त्रीचे कपडे. लागले तर चोळायचे नाही, कारण चोळलेले समोरच्याला दिसते. हा शेवटचा नियम त्यांनी स्वतः आयुष्यभर पाळला. दुसऱ्यांकडूनही पाळून घेतला, आणि तिथेच त्यांच्याविषयीची कुरकुर सुरू होते. त्याकडे पुढे येऊ.

१ डिसेंबर १९२६. मुंबई जिमखान्याचे मैदान. आर्थर गिलिगन यांचा एम. सी. सी. संघ हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आला होता आणि सामना हिंदू संघाशी होता. पाहुण्यांनी ३६३ धावा केल्या होत्या आणि त्यांच्या गाय अर्ल यांनी आठ षटकार मारून प्रेक्षकांचे डोळे दिपवले होते. साहेबाने मारावे आणि आपण पाहावे, अशीच तोवरची रीत. दुसऱ्या दिवशी नायडू खेळायला आले आणि ११६ मिनिटांत १५३ धावा करून परतले. त्यांत ११ षटकार आणि १३ चौकार होते. एक चेंडू जिमखान्याच्या छपरावर गेला. बातमी गावभर पसरली तशी माणसे हातातली कामे टाकून धावत सुटली. मैदानात जागा उरली नाही तेव्हा झाडांवर आणि आसपासच्या गच्च्यांवर चढली. तासाभरापूर्वी ज्यांना क्रिकेटचे काही घेणेदेणे नव्हते, तेही त्या गर्दीत होते.

या खेळीचा परिणाम काय झाला, हे आकड्यांपलीकडचे आहे. याच दौऱ्यात पुढे दि. ब. देवधरांनी मुंबईतच १४८ धावा केल्या. हिंदुस्थानचे लोक कसोटी खेळू शकतील, असे पाहुण्या कप्तानाला वाटू लागले आणि त्यांनी तसे बोलूनही दाखवले. १९२८ च्या डिसेंबरात क्रिकेट नियामक मंडळ स्थापन झाले. चार वर्षांनी हिंदुस्थानचा संघ इंग्लंडला कसोटी खेळायला निघाला.

त्या १९३२ च्या दौऱ्याची कप्तानी नायडूंकडे नव्हती. कप्तान राजा किंवा राजपुत्र असला पाहिजे, हे गृहीतच होते. पोरबंदरचे महाराज कप्तान झाले आणि लिंबडीचे घनश्यामसिंह उपकप्तान. पोरबंदर महाराजांच्या खेळाविषयी फार न बोललेले बरे. पण त्यांच्याजवळ एक दुर्मीळ गुण होता. आपल्याला खेळता येत नाही हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी स्वतः बाजूला होऊन जागा मोकळी केली. लिंबडीकरांच्या पाठीला दुखापत झाली. उरले नायडू.

वकिलाच्या मुलाने, संस्थानच्या एका नोकराने आपल्याला हुकूम सोडावेत, हे संघातल्या काहींना रुचले नाही. लॉर्ड्सच्या सामन्याआधी रात्री कुरबूर झाली आणि ती महाराजांपर्यंत गेली, असे सांगतात. कुरबुरीचे कारण फक्त कुळाचे नसावे. नायडू कडक होते आणि मनमिळाऊपणाबद्दल त्यांची कधीच ख्याती नव्हती. पण २५ जून १९३२ रोजी सकाळी हिंदुस्थानचा पहिला कसोटी संघ लॉर्ड्सच्या हिरवळीवर उतरला, तेव्हा पुढे चालत होते ते नायडूच.

पहिल्या अर्ध्या तासात इंग्लंडची अवस्था ३ बाद १९ झाली. महंमद निसार यांच्या वेगाने आणि लाल सिंग यांच्या चपळाईने साहेब चकित झाले. पुढे इंग्लंडने सावरून २५९ केले. क्षेत्ररक्षण करताना नायडूंच्या हाताला जबर मार बसला. तोच हात घेऊन ते फलंदाजीला आले आणि ४० धावा काढल्या. हिंदुस्थानच्या १८९ मध्ये सर्वात जास्त त्याच होत्या. सामना १५८ धावांनी गेला. हात दुखावल्याचे निमित्त कप्तानाने कुठे पुढे केले नाही.

त्या उन्हाळ्यात नायडूंनी प्रथम श्रेणीच्या सामन्यांत १,६१८ धावा केल्या आणि ६५ बळी घेतले. बर्मिंगहॅमजवळ एजबॅस्टनला त्यांनी मारलेला एक षटकार मैदानाबाहेरची रे नदी ओलांडून गेला. ती नदी दोन परगण्यांची सीमा. त्यामुळे चेंडू एका परगण्यातून दुसऱ्या परगण्यात गेला, असे तिथले लोक कौतुकाने सांगत राहिले. विस्डेन या क्रिकेटच्या पंचांगाने १९३३ साली त्यांना वर्षातल्या पाच खेळाडूंत घेतले. हिंदुस्थानच्या संघाकडून खेळून तो मान मिळवणारे ते पहिले. वय ३७. आज या वयात खेळाडू समालोचकाच्या खुर्चीत बसलेला असतो.

१९३३ च्या डिसेंबरात देशातली पहिली कसोटी मुंबई जिमखान्यावर झाली. समोर डग्लस जार्डिन. लाला अमरनाथांनी पदार्पणात ११८ धावा केल्या आणि त्यांना साथ दिली कप्तान नायडूंनी ६७ धावांची. दोघांच्या १८६ धावांच्या भागीदारीने सारी मुंबई वेडी झाली होती. मालिका मात्र हरलो.

१९३६ च्या इंग्लंड दौऱ्याविषयी लिहायला मन घेत नाही. विजयनगरमच्या घराण्यातले विझी कप्तान झाले. खटपटीने झाले, हे त्या वेळीही सगळ्यांना माहीत होते. संघात तट पडले, अमरनाथांना अर्ध्या दौऱ्यातून घरी धाडण्यात आले. नायडू चाळिशी ओलांडलेले, कप्तानी गेलेली, आणि ज्यांच्या हाताखाली खेळायचे त्यांच्याविषयी मनात आदर नाही. त्यांनी काय करावे? ओव्हलच्या शेवटच्या कसोटीत गबी ॲलन यांचा एक वेगवान चेंडू त्यांच्या अंगावर जोरात आदळला. पाहणाऱ्यांना वाटले, आता हा माणूस तंबूत जाणार. नायडू परत पवित्रा घेऊन उभे राहिले आणि ८१ धावा करून गेले. ती त्यांची शेवटची कसोटी. एकूण सात कसोट्या आणि ३५० धावा. कागदावर एवढेच दिसते, आणि ज्यांनी फक्त कागद पाहिला त्यांना या माणसाचे मोठेपण कळणे अवघड आहे.

कसोटी संपली तरी खरी कसोटी पुढेच होती, कारण नायडू थांबलेच नाहीत.

चाळिशीनंतर त्यांनी इंदूरला होळकरांचा संघ उभा केला आणि तो देशातला सर्वात दरारा असलेला संघ झाला. इंदूरच्याच मुश्ताक अलींना त्यांनी पोरवयात हेरले होते. मुश्ताक पुढे देशाचे लाडके झाले आणि त्यांनाही होळकरांच्या फौजेत हुद्दा मिळाला. चंदू सरवटे, भाऊसाहेब निंबाळकर, हिरालाल गायकवाड, भांडारकर, जगदाळे; नावे वाचली तरी कळते की हा तेलुगू कप्तान कोणत्या भाषेच्या माणसांत दिवस काढत होता. १९४५-४६ मध्ये म्हैसूरविरुद्ध होळकर संघाने ८ बाद ९१२ धावा केल्या आणि एकाच डावात सहा जणांनी शतके ठोकली. सहांपैकी एक शतक कप्तानाचे, १०१ धावांचे. वय पन्नास. त्याच हंगामात बडोद्याविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्यांनी २०० धावा केल्या. प्रथम श्रेणीतली ती त्यांची सर्वोच्च खेळी आणि होळकरांचा तो पहिला रणजी करंडक. त्यानंतर १९४७-४८, १९५०-५१ आणि १९५२-५३ मध्ये करंडक पुन्हा इंदूरला गेला. शेवटच्या वेळी कप्तानाचे वय ५७ होते.

हा संघ पलटणीसारखा चालत असे. उशीर झालेल्याची गय नाही. मैदानात पडलेल्याने उठून उभे राहायचे. मोठमोठे खेळाडू त्यांच्यासमोर शाळकरी पोरांसारखे वागत, अशा आठवणी आहेत. आजच्या भाषेत ज्याला प्रेरणा देणे म्हणतात, तसले गोड बोलणे त्यांच्याकडे नव्हते. त्यांच्या बोलण्यात फर्मान असे. पण जे दुसऱ्याला सांगायचे ते आधी स्वतः करून दाखवायचे, हा नियम त्यांनी मोडला नाही, म्हणून फर्मान चालून गेले.

तरीही एक सामना असा आहे की तो वाचताना माझे मत डळमळते. १९४४-४५ चा रणजी अंतिम सामना, मुंबई विरुद्ध होळकर. युद्धाच्या निमित्ताने हिंदुस्थानात असलेले डेनिस कॉम्प्टन होळकरांकडून खेळले आणि त्यांनी नाबाद २४९ केल्या. दोन्ही संघांच्या मिळून दोन हजारांहून अधिक धावा झाल्या. होळकरांचा मुख्य फिरकी गोलंदाज होता सी. एस. नायडू, कप्तानाचा सख्खा धाकटा भाऊ. त्या एका सामन्यात सी. एस. यांनी ९१७ चेंडू टाकले, म्हणजे १५२ षटके आणि वर पाच चेंडू. प्रथम श्रेणीच्या एका सामन्यात इतके चेंडू दुसऱ्या कोणी टाकलेले नाहीत. ११ बळी मिळाले आणि ४२८ धावा गेल्या. सामना ३७४ धावांनी हरला.

भावाला इतके राबवावे का? दुसरा कोणी गोलंदाज असता तर कप्तानाने त्याला विश्रांती दिली असती का? मला वाटते, नसती दिली. आणि स्वतः भावाच्या जागी असते तर त्यांनी विश्रांती मागितलीही नसती. त्यांना माणसाची दमणूक दिसत नव्हती असे नाही. दमणे हे थांबण्याचे कारण होऊ शकते, हेच त्यांना मान्य नव्हते. अशा माणसाच्या हाताखाली नाव होते, पण त्याच्या घरात किंवा संघात राहणे सोपे नसते. आपल्यापैकी ज्यांचे वडील किंवा आजोबा फौजेत होते, त्यांना हे अधिक सांगायला नको.

जाता जाता, आपल्या गावाचा यात एक धागा आहे. १९५०-५१ मध्ये हैदराबादचा संघ इंदूरला होळकरांशी खेळला, तेव्हा आपल्या गुलाम अहमद यांनी एकाच डावात ९२ षटके आणि तीन चेंडू टाकले. म्हणजे ५५५ चेंडू. नायडूंच्या संघाला बाद करायला समोरच्यालाही तेवढाच चिवटपणा लागत असे.

दातांची गोष्ट आता सांगायला हरकत नाही, कारण ती या सगळ्यानंतरची आहे. १९५१-५२ चा हंगाम, समोर मुंबई, गोलंदाज दत्तू फडकर. नायडू छप्पन वर्षांचे. फडकरांचा उसळता चेंडू तोंडावर बसला आणि दोन दात तुटून खेळपट्टीवर पडले. शिरस्त्राण तर सोडाच, त्या काळी डोक्यावर नुसती टोपी. फडकर स्वाभाविकच हादरले आणि पुढचा चेंडू हळू टाकू लागले. नायडूंनी बॅटने दात बाजूला सारले, रक्त पुसले आणि पूर्ण वेगाने टाकायला सांगितले, अशी ही हकीकत. क्रिकेटच्या वर्तुळात ती इतक्या वेळा सांगितली गेली आहे की तपशील थोडेफार इकडेतिकडे झाले असतील. पण नायडूंना ओळखणाऱ्या कोणाला ती अशक्य वाटली नाही, हेही खरे.

देश स्वतंत्र झाला. १९४८ च्या मे महिन्यात होळकरांचे संस्थान मध्य भारतात विलीन झाले आणि पलटणी गेल्या. होळकर नावाचा क्रिकेट संघ आणखी काही वर्षे टिकला आणि १९५४-५५ नंतर तोही संपला. ज्या फौजेचा हुद्दा नावामागे होता ती फौज राहिली नाही, ज्या राज्यासाठी खेळायचे ते राज्य राहिले नाही. हैदराबादच्या जुन्या मराठी घरांना १९४८ हे साल काय असते ते माहीत आहे. नोकऱ्या, दप्तरे, शाळांतली भाषा, सगळे काही वर्षांत बदलले. कोणी औरंगाबादेला गेले, कोणी पुण्याला, आणि आपण राहिलो.

नायडूंनी इंदूर सोडले नाही. पण १ ऑक्टोबर १९५३ रोजी मद्रासमधून वेगळे होऊन आंध्र राज्य झाले, त्याच हंगामात आंध्रचा संघ पहिल्यांदा रणजी स्पर्धेत उतरला, आणि त्या संघाला कप्तान म्हणून आठवण झाली ती नागपुरात जन्मलेल्या, इंदुरात आयुष्य काढलेल्या अठ्ठावन्न वर्षांच्या सी. के. नायडूंची. ते गेले आणि खेळले. आपले हैदराबाद तेव्हा त्या राज्यात नव्हते. ते तीन वर्षांनी आले. पूर्वजांच्या मुलुखाच्या नवख्या पोरांना घेऊन या वयात मैदानात उतरताना त्यांच्या मनात काय आले असेल, याचा अंदाज आपण हैदराबादकर मराठी माणसे इतरांपेक्षा थोडा बरा करू शकतो. आपल्याला कोणी लातूरच्या किंवा नांदेडच्या संघाचे कप्तान केले तर? पळायला आणि झेल घ्यायला कमी पडलो तरी बोलावणे नाकारता येणार नाही.

१९५६-५७ मध्ये ते उत्तर प्रदेशाचे कप्तान झाले. वय ६१. गंमत अशी की त्या काळी उत्तर प्रदेशाच्या क्रिकेटचे सूत्रधार होते विझी, तेच १९३६ चे विझी. वीस वर्षांपूर्वीचे वैर दोघांनी बाजूला ठेवले असावे. राजस्थानविरुद्ध त्यांनी ८४ धावा केल्या आणि त्यात विनू मंकड यांना षटकार मारले. मंकड तेव्हा जगातल्या उत्तम डावखुऱ्या फिरकी गोलंदाजांपैकी एक होते. त्याच वर्षी सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. हा सन्मान मिळालेले ते पहिले क्रिकेटपटू.

बाकीची कामे त्यांनी केली ती अशी : निवड समितीचे अध्यक्षपद, नियामक मंडळाचे उपाध्यक्षपद आणि रेडिओवरचे समालोचन. या सगळ्यांत रमले असे म्हणवत नाही. १९४१ मध्ये बाथगेट कंपनीच्या यकृताच्या औषधाच्या जाहिरातीत त्यांचे नाव झळकले होते. मालाची जाहिरात करणारे पहिले भारतीय क्रिकेटपटू म्हणून त्याची नोंद होते. आजच्या खेळाडूंच्या जाहिराती मोजल्या तर हसू येईल. त्यांच्या कन्या चंद्रा नायडू इंदुरात इंग्रजीच्या प्राध्यापिका झाल्या आणि क्रिकेटचे समालोचन करणाऱ्या देशातल्या पहिल्या महिला ठरल्या. वडिलांच्या आठवणींचे पुस्तकही त्यांनी लिहिले.

१९६३-६४ मध्ये नागपुरात एक मदतनिधीचा सामना झाला. चीनबरोबरच्या युद्धानंतर देशभर संरक्षण निधीसाठी असे सामने भरत होते. एका बाजूला महाराष्ट्राच्या राज्यपालांचा संघ, दुसऱ्या बाजूला मुख्यमंत्र्यांचा. हा सामना प्रथम श्रेणीचा धरला गेला. अडुसष्ट वर्षांचे कर्नल नायडू त्यात खेळले. १९१६ मध्ये पहिला सामना आणि १९६३-६४ मध्ये शेवटचा. मधे ४७ वर्षे. जिथे जन्म झाला, त्याच गावात बॅट खाली ठेवली. धावा फारशा झाल्या नाहीत. चालण्याची ढब मात्र तीच होती, ताठ आणि संथ.

१४ नोव्हेंबर १९६७ रोजी इंदुरात त्यांचे निधन झाले. वय ७२. काही वर्षांनी, १९७३-७४ पासून, नियामक मंडळाने त्यांच्या नावाचा करंडक सुरू केला. निवृत्तीचे वय ज्यांनी कधी मानलेच नाही, त्यांच्या नावाच्या या स्पर्धेला आज वयाची अट आहे. तेवीस वर्षांपुढच्या मुलाला तिथे खेळता येत नाही. आपल्या हैदराबादचा संघही दरवर्षी त्यात उतरतो.